टीएमसी अण्णा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात पाणी कधी सुटणार हे बघायला कुणी पेपर उघडत नाही. अण्णांच्या ओट्याकडे नजर टाकायची. अण्णा लुंगी खोचून, हातात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन उभे दिसले, की अर्ध्या तासात नळ येणार. ते बनियनवर निवांत शेंगा फोडत बसले असतील, तर आजचा दिवस गेला, पिंपातलं पुरवून वापरा. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे आमच्याकडे सोमवार-मंगळवार या वारांना फारसा अर्थ नाही. ‘नळाचा दिवस’ आणि ‘बिननळाचे दिवस’ एवढेच दोन वार. बोळातली लग्नं जमतात ती मुहूर्त बघून, पण तारीख पक्की होते अण्णांना विचारून.

अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण खातं काही अंगातून उतरलं नाही. रोज सकाळी ते उजनी धरणाच्या साठ्याचा आकडा मिळवतात, कुठून ते ठाऊक नाही, आणि बोळात शिरणाऱ्या प्रत्येकाला देतात. दूधवाल्याला सुद्धा. शिवाय नुसता आकडा देऊन भागत नाही, शिकवणी घ्यावी लागते. “एकूण साठा ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं वापरायचं साडेत्रेपन्न, बाकीचं तळाचं, मृत साठा. वापरायचं संपलं की मायनस सुरू. धरण रिकामं नसतंय बे कधी, मायनस असतंय.” हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्याला लावून घेतलंय. भावकीतल्या चुलत्याचे व्यवहार ‘मायनस तीस’, जावयाचा धंदा ‘यंदा प्लसमध्ये आला’, आणि काकूंचा गुडघा पावसाळ्यात कायम ‘मृत साठ्यात’.

काकूंना हे ऐकून ऐकून सवय झालीय. त्या अण्णांना फक्त एकच विचारतात, “अहो, हौद भरला का?”

२०२४ च्या मे महिन्यात अण्णा-काकू कॅनडाला निघाले. पोरगा कॅलगरीला कॉम्प्युटरमध्ये आहे, नातू झाला होता. त्या उन्हाळ्यात उजनी मायनस पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलेली. अशा वेळी बोळ सोडून जाणं अण्णांना पळपुटेपणा वाटत होता. काकूंनी बॅगांत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दोन सोलापुरी चादरी भरल्या. अण्णांनी मला बोलावून बोळाचा चार्ज दिला, रीतसर, कागदावर. कुणाच्या नळाला प्रेशर कमी, कुणाची मोटर आवाज करते पण पाणी ओढत नाही, कुणाच्या टाकीचा फ्लोट अडकतो. सगळ्यांत शेवटी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा नंबर, आणि त्याखाली दोन रेघा ओढून सूचना : ‘याच्याशी बोलताना घाई करू नये. आधी पोरांची चौकशी.’

पुढचं मी दोन बाजूंनी ऐकलं आहे. अण्णांकडून, आणि फोनवर त्यांच्या पोराकडून. दोन्हींत फरक एवढाच, की पोराच्या सांगण्यात अण्णा जरा कमी बरोबर असतात.

कॅलगरीत पहिल्याच पहाटे चार वाजता अण्णा उठले आणि नळ उघडून बघितला. पाणी आलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोराला गंभीरपणे विचारलं, “इथं बंद कधी होतंय?” पोरगा म्हणाला, “होत नाही, अण्णा.” अण्णांचा विश्वास बसला नाही. घरात बादली नव्हती. मग त्यांनी कुकर, सॅलडचं काचेचं भांडं, दोन पातेली आणि बाळाचा प्लॅस्टिकचा टब भरून, वर ताटं झाकून ठेवली. सूनबाई हैदराबादची, शहाणी. ती काही बोलली नाही, फक्त रोज टब ओतून बाळाला अंघोळ घालायची. अण्णा पुन्हा भरून ठेवायचे.

आणि ५ जूनला कॅलगरीची मोठी पाइप फुटली.

साधीसुधी नाही. सुमारे दोन मीटर व्यासाची, शहराच्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भार वाहणारी मुख्य वाहिनी. दुसऱ्या दिवसापासून शहराला सूचना सुरू : वापर कमी करा, अंगणातल्या गवताला पाणी घालू नका, गाड्या धुऊ नका, अंघोळ थोडक्यात उरका. पोरगा आणि सून टीव्हीकडे बघत होते. अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि एकेक ताट उचलून त्यांनी आपला साठा दाखवला. एक शब्द बोलले नाहीत, असं पोरगा सांगतो. मला ते पटत नाही. अण्णांकडून एवढा संयम होणार नाही.

पुढचे तीन-चार आठवडे हा अण्णांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. रोज शहराच्या तेव्हाच्या महापौर ज्योती गोंडेक कालचा वापर किती दशलक्ष लिटर झाला ते जाहीर करत. मूळच्या पंजाबी घरातल्या या बाई पाण्याचा आकडा घेऊन रोज लोकांसमोर उभ्या राहतात, हे बघून अण्णांना घरच्यासारखं वाटू लागलं. आकडा ते फ्रीजवर मार्करनं लिहायचे. शेजारच्या गोऱ्या कुटुंबाला एका बादलीत अंघोळ कशी होते ते कळेना, म्हणून अण्णांनी कुंपणापलीकडून प्रात्यक्षिक दिलं. बादली दुकानातून आणली होती, तांब्या नव्हता, तर सूनबाईचं मापाचं भांडं घेतलं. अंगात पूर्ण कपडे, हातात रिकामं भांडं. “फर्स्ट लेग. देन शोल्डर. हेड लास्ट. सोप, स्टॉप. अगेन.” शेजारीण टिपण काढत होती म्हणे. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, भांडी विसळलेलं पाणी संडासात, हे पुढचे धडे. गल्लीतल्या तीन घरांत अण्णांचा शब्द चालू लागला. सोलापुरात जे आपण गुपचूप करतो, ते इथं लोक शिकायला येतात, याचं त्यांना राहून राहून नवल वाटे.

मग जुलै उजाडला, पाइप दुरुस्त झाली, निर्बंध उठले. आणि अण्णा एकदम मावळले. जेवण कमी झालं. फ्रीजवरचा आकडा सूनबाईनं पुसून टाकला. पोराला वाटलं, माणसाला कुठंतरी फिरवून आणावं. म्हणून लेक लुईस.

हे तळं ज्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात आहे, ते कॅलगरीच्या पश्चिमेला. १८८५ सालचं, कॅनडातलं पहिलं. रेल्वेच्या कामगारांना तिथं गरम पाण्याचे झरे सापडले आणि त्यातून ते उभं राहिलं. पोरगा गाडीत हे सांगत होता. रेल्वे १८८३ ला आली म्हणाल्यावर अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, “आमच्याकडं १८६०.” कॅनडाला दिलेला हा पहिला टोला. तळ्याजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही, उजाडता उजाडता वाहनतळ भरतो. म्हणून लांब गाडी ठेवून बसनं जायचं, त्याचंही बुकिंग आधी करायचं. बाकी प्रवासी यावर कुरकुरत होते. अण्णा खूश झाले. तळ्यालाही पाळी लावावी लागते म्हटल्यावर त्यांना तळ्याबद्दल आदर वाटू लागला.

बसमध्ये शेजारी एक वयस्कर कॅनेडियन गृहस्थ. अण्णांनी त्यांना विचारलं, “यू नो डॉक्टर बेथून?” ते गोंधळले. मग अण्णांनी त्यांना त्यांच्याच देशाच्या नॉर्मन बेथूनची माहिती दिली. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, १९३९ ला तिथंच वारला. त्याच्या नावानं जे रुग्णालय झालं त्याचा प्रमुख कोण? द्वारकानाथ कोटणीस. कुठला? सोलापूर. १९३८ ला चीनला गेला, १९४२ ला तिथंच गेला, वय बत्तीस. “युवर मॅन, देन आवर मॅन,” अण्णा म्हणाले. ते गृहस्थ उतरताना टोपी काढून हात मिळवून गेले. ही गोष्ट पोरगाही जशीच्या तशी सांगतो, म्हणून खरी असावी.

तळं दिसलं. समोर बर्फाचा डोंगर, दोन्ही बाजूंना काळ्या-हिरव्या झाडांचे उतार, आणि मध्ये ते पाणी. तो रंग फोटोत बघून मला आधी वाटायचं की कुणी वाढवून दाखवलाय. पोपटाच्या पाठीचा आणि मोराच्या मानेचा मधला कुठला तरी. बसमधली माणसं उतरून गप्प झाली. फोन वर गेले.

अण्णा काठावर उभे राहिले, डावीकडून उजवीकडे बघितलं आणि म्हणाले, “पट्टी कुठाय?”

पोराला कळेना. काठावर पातळी मोजायची रंगवलेली पट्टी असते, धरणाच्या भिंतीवर असते ती. “इथं नसते, अण्णा.” “मग भरलंय का उतरलंय, कळतंय कसं?” पोरानं खांदे उडवले. अण्णांनी पहिल्यांदा त्या पाण्याकडे संशयानं बघितलं.

“हे खोदलं कुणी?” हा दुसरा प्रश्न. सोलापूरकराला हा प्रश्न पडणारच. आमचं तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोक जमवून खोदलं, हिप्परग्याचं ब्रिटिशांनी बांधलं. आम्हाला तळं म्हटलं की माती वाहणारी माणसं दिसतात. पोरगा म्हणाला, हिमनदीनं. बर्फ हजारो वर्षं घसरत आला, त्यानं दरी कोरली, आणि शेवटी दगडमातीचा ढीग टाकून मागं सरकला. त्या ढिगाच्या बांधामागं पाणी साठलं. अण्णांनी यावर बराच विचार केला. खोदाई बर्फाची, बांध बर्फाचा, पाणीही बर्फाचंच. “टेंडर नाही, मजुरी नाही,” ते म्हणाले. आवाजात थोडी खंत होती. ज्या कामाचं बिल निघालं नाही, ते काम त्यांना पुरतं झाल्यासारखं वाटत नाही.

मग त्यांनी ओणवं होऊन ओंजळ भरली. पाणी इतकं गार, की पहिल्यांदा ती तशीच सोडून दिली. हे पाणी भर उन्हाळ्यातही चार-पाच अंशांच्या आसपास असतं. दुसऱ्यांदा दात आवळून भरली, उन्हात धरली, डोळे बारीक करून बघितली. ओंजळीत रंग नव्हता. किंचित दुधी झाक फक्त. अण्णांनी बोट फिरवलं, अंगठ्याशी चोळलं आणि निकाल दिला : “गढूळ आहे. तुरटी फिरवायला पाहिजे.”

जवळ उद्यानाच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. पोराचा जीव खाली-वर होत असताना अण्णांनी तिला ओंजळ दाखवली. तिला फार आनंद झाला. दिवसभर तिला लोक फक्त संडास कुठाय ते विचारत असणार. तिनं समजावलं : वर हिमनदी खालच्या खडकावरून घासत सरकते, खडकाचं इतकं बारीक पीठ होतं की ते तळाशी बसत नाही, पाण्यातच तरंगत राहतं. ऊन त्यावर पडलं की निळा-हिरवा उजेड तेवढा परत फिरतो. म्हणून हा रंग. बर्फ वितळायला लागला की तो गडद होतो, हिवाळ्यात तळं गोठतं.

अण्णा काकूंकडे वळले. “अगं, वर जातं आहे. दगड दळूलालंय.”

“मग चाळत का नाहीत?” काकू म्हणाल्या.

याच काकू त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं वाक्य बोलल्या, पण ते जरा पुढं. आधी पोरगा नावाची कहाणी सांगत होता. इथल्या स्टोनी नाकोडा लोकांचं नाव होतं ‘लहान माशांचं तळं’. १८८२ ला त्यांच्यातल्याच वाटाड्यानं टॉम विल्सन नावाच्या माणसाला इथं आणलं, त्यानं पाचूचं नाव दिलं. मग इंग्रजांनी राणी व्हिक्टोरियाच्या मुलीचं, लुईसचं. अख्ख्या अल्बर्टा प्रांताचं नावही तिचंच, तिसरं नाव. समोरचा बर्फाचा डोंगर आणि हिमनदी व्हिक्टोरिया. अण्णा भडकले. ज्या गावानं १९३० ला मार्शल लॉ सोसला, चार हुतात्मे दिले, त्या गावच्या माणसाला राजकन्येच्या तळ्यावर आणून उभं करायचं म्हणजे काय. माशांचं नाव काय वाईट होतं? काकू मात्र डोंगराकडून पाण्याकडे, पाण्याकडून डोंगराकडे बघत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे आई वर बसलीय, आणि लेकीला माहेरचं पाणी येतंय.” आणि त्यांनी पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली. पोरानं झडप घालून ती परत पिशवीत टाकली. राष्ट्रीय उद्यान आहे, पाण्यात काही टाकायचं नाही, इथलं काही उचलायचं नाही, दगड सुद्धा. हे ऐकल्यावर अण्णांनी खिशातून एक सुपारीएवढा दगड काढला आणि मघाशी उचलला होता तिथंच, तोच भाग वर करून ठेवला.

भाकरी-चटणी बाकावर बसून झाली. एक खारीसारखा प्राणी काकूंच्या पायाशी येऊन उभा राहिला, पण त्याला तुकडा देणंही नियमात बसत नव्हतं. काकूंना हे सगळ्यात जास्त लागलं. जेवता जेवता अण्णांनी बसच्या पावतीमागं हिशेब मांडला. पोरानं फोनवरून माप दिलं होतं : क्षेत्रफळ ०.८ चौरस किलोमीटर, खोली जास्तीत जास्त ७० मीटर. सरासरी निम्मी धरू, ३५. गुणाकार झाला दोन कोटी ऐंशी लाख घनमीटर. अण्णांनी पुन्हा केला. पेन थांबलं. एक टीएमसी म्हणजे दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर.

“एक!” अण्णा ओरडले. “बरोब्बर एक टीएमसी! उजनीत अशी ११७ बसतील बे!”

आजूबाजूचे लोक दचकले. पण वाटेवर पाटी होती, की अस्वलांचा वावर आहे, चालताना मोठ्यानं बोलत राहा. आयुष्यभर ‘अण्णा, हळू बोला’ म्हणणाऱ्या पोराला त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. नंतर होडीचा दर ऐकला, तासाला शंभरावर डॉलर, तेव्हाही ते मोठ्यानंच बोलले.

मग ते दिसेनासे झाले. शोधल्यावर सापडले तळ्याच्या अलीकडच्या टोकाला, हॉटेलच्या बाजूला, जिथून तळ्याचं पाणी बाहेर पडतं. सगळे पर्यटक हिमनदीकडे तोंड करून. अण्णा हिमनदीकडे पाठ करून. त्यांना सांडवा सापडला होता. पावलांनी रुंदी मोजून झाली होती. आता एक सुकी काडी (“पडलेलीच उचलली, तोडली नाही”) पाण्यात सोडून, ती इथून तिथपर्यंत किती सेकंदांत जाते ते पोटातल्या पोटात मोजणं चालू होतं. वेग गुणिले आडवा छेद, झाला विसर्ग. क्युसेकमध्ये. खात्यात अभियंत्यांना हे करताना त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं, त्यांना कधी कुणी करू दिलं नव्हतं.

“हे कुठं जातंय?” पोरानं सांगितलं : हा लुईस क्रीक, तो खाली बो नदीला मिळतो. बो बान्फवरून वाहत कॅलगरीला येते. कॅलगरीचं पिण्याचं पाणी बऱ्याच अंशी बो नदीचंच.

अण्णा काडी विसरले. “म्हणजे तुझ्या नळाला हे येतंय?”

“थोडंफार, हो.”

आता ते वळले आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हिमनदीकडे नीट बघितलं. ती मागं सरकतेय, दरवर्षी आकसतेय, हे त्या मुलीनं सांगितलेलं होतं. मघाशी अण्णांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता ते बराच वेळ कपाळावर हात धरून उभे राहिले.

“वरचं धरण आटूलालंय,” ते म्हणाले, “आणि तू गवताला पाणी घालतोस.”

परतल्यावर पोराच्या घरातलं अंगणाचं पाणी कायमचं बंद झालं. ऑगस्टअखेर पाइपच्या आणखी दुरुस्तीसाठी कॅलगरीत पुन्हा निर्बंध लागले, तेव्हा तर सूनबाईनंच टब भरून ठेवला. तिकडे ऑगस्टातच उजनी शंभर टक्क्यांवर गेली होती. ही बातमी मी इकडून कळवली, त्यावर त्यांचं उत्तर आलं : ‘चांगलं. पण आपली पाळी तीच राहील. धरण भरलं म्हणून पाइप मोठी होत नाही.’

ऑक्टोबरात अण्णा परतले. ओट्यावर गर्दी झाली. बायकांनी काकूंना नातवाबद्दल विचारलं, पुरुषांनी अण्णांना तळ्याबद्दल. रंग कसा, डोंगर किती उंच, थंडी किती. अण्णा म्हणाले, “एक टीएमसी.” आणि हातवारे करून सांडव्याची रुंदी दाखवली. फोटो बघायला मागितले तर फोनमध्ये काडीचे निघाले.

संध्याकाळी चावीवाला आला. अण्णांनी आधी पोरांची चौकशी केली. मग सगळं सांगितलं, बर्फ, दगडाचं पीठ, क्रीक, नदी, पोराचा नळ. चावीवाल्यानं पान थुंकून विचारलं, “एवढ्या मोठ्या तळ्याची चावी कुणाकडं असते ओ?”

“चावी नाही. ऊन पडलं की येतंय.”

“आणि रात्री पाणी कमी पडलं, तर माणसानं फोन कुणाला करायचा?”

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खिशातून फोन काढून पोराला लावला. तिकडं सकाळ झाली होती, पोरगा ऑफिसला निघालेला.

“नळ चालू आहे का बे?” अण्णांनी विचारलं, आणि चावीवाल्यालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.